मधुमालतीची कमान

माझी मावशी आणि काका एकाच वसाहतीत माळीकाम करायचे. एकवीस वर्षं. वसाहत नवी होती तेव्हा तिथे खडी आणि सिमेंटची रिकामी पोती, एवढंच होतं. काकांनी फाटकापासून आतपर्यंत रस्त्याच्या कडेने बहावा आणि तामण लावले, भिंतीलगत मेंदीचं कुंपण धरलं. मधल्या लोखंडी कमानीवरची मधुमालती मात्र मावशीची. "वेलाला बोट धरून न्यावं लागतं, तेवढा धीर माझ्यात नाही," असं काका म्हणायचे. मेंदी ते अशी कातरायचे की माथ्यावर भरलेला पेला ठेवला तरी पाणी हिंदकळू नये. सगळे त्यांना कात्रीकाकाच म्हणत.

साठी उलटल्यावर काका विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग घरचा रस्ता. मावशी त्यांना कामावर बरोबर न्यायची. घरी एकटं ठेवणार कसं? हातात कात्री दिली की हात आपसूक चालायचे. मावशीचा एक डोळा कामावर, एक त्यांच्यावर.

एकदा ती मागचा गळका नळ बघायला गेली. अर्धा तास गेला असेल. परत आली तर काका कमानीखाली उकिडवे बसलेले, हातात करवत. मधुमालतीचे चारही बुंधे जमिनीपासून वीतभर वर कापलेले. वर वेल तसाच हिरवागार, फुलांनी लगडलेला.

"छान मोकळं झालं ना गं?" काका म्हणाले.

तिने हळूच करवत काढून घेतली. "झालं. चला, चहा घेऊ."

दोन दिवसांत वेल सुकून गेला. वसाहतीचे सेक्रेटरी तरातरा आले. "हे कुणी केलं?"

"मी," मावशी म्हणाली. "कीड लागली असं वाटलं. अंदाज चुकला. पण फुटवे येतील साहेब, दोन वर्षं द्या."

खरं सांगितलं असतं तर काकांना फाटकाच्या आत कुणी घेतलं नसतं. दोन वर्षं काही मिळाली नाहीत. बुंधे मुळासकट उपटले गेले आणि कमानीवर प्लॅस्टिकचे पत्रे चढले.

पण मावशीचं बोलणं मागे उभ्या काकांनी ऐकलं होतं. "तू कापलीस?" ते म्हणाले. "इतकी वर्षं माझ्याबरोबर काढून हे शिकलीस?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

सकाळचा चहा ज्यांना दुपारी आठवत नव्हता, त्यांच्या डोक्यात ही एकच गोष्ट घट्ट रुतून बसली. महिनाभरात ते तिच्या हातचं पाणीही घेईनात. तिच्याबरोबर बाहेरही पडेनात, तिचं काम सुटलं. मी त्यांच्याकडे राहायला गेले. मावशी स्वयंपाक करायची, मी भरवायचे.

एके दिवशी घास तोंडाशी नेला तर काकांनी माझं मनगट धरलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "ती बाई कोण आहे? तिला घरात घेऊ नका. तिने माझ्या बायकोचा वेल कापला. बायको आली की रडेल हो."

दारात मावशी उभी होती, हातात भाताचं पातेलं. ती तशीच मागे वळली.

मी स्वयंपाकघरात गेले. "मावशी, आता तरी खरं सांगून टाकूया."

"काय सांगणार? तुम्हीच कापला म्हणून?" ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "आणि ते लागलं लक्षात राहायला, तर? रोज तेच घेऊन बसतील. नको. माझ्यावर चिडू देत."

मग ती त्यांच्या खोलीत गेलीच नाही. ते झोपले की उंबऱ्यापाशी उभी राहायची, त्यांनी कूस बदलली की स्वयंपाकघरात सरकायची. असे सात महिने.

काका गेले ते भर दुपारी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी हाक मारायच्या आधीच मावशी दाराशी आली होती.

"गेले का गं?"

मी मान हलवली. तिने पदराला हात पुसले, आत आली, त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. संध्याकाळी माणसं जमली तरी तो तिच्या हातातून सोडवता येईना.