खिशातला खडू

रवींद्र भालेराव दिवसातून किती वेळा एक बोट वर करतो, हे भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामातल्या बायकांनी एकदा मोजून पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बेचाळीस झाली आणि मोजणाऱ्याच कंटाळल्या. बोट वर म्हणजे ‘एक मिनिट’. कानाला एक फोन, हातात दुसरा, समोर सही मागणारा ट्रक ड्रायव्हर, आणि हवेत ते बोट. ते मिनिट पुढे कधी यायचं, हे मात्र कुणाला सांगता येत नसे.

रवींद्र माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते वाईट माणसाच्या हातून घडलं असतं तर एवढं लागलं नसतं. कोन गावचा राहणारा, एक्केचाळीस वर्षांचा. बापाने भिवंडीत तीस वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर लूम चालवले. लघवीला जायचं तरी शेजारच्याला सांगून जायचं, असं ते काम. त्या बापाच्या मुलाच्या हाताखाली आता दोनशे माणसं होती, केबिन होती, केबिनच्या दारावर नाव होतं. अशा माणसाला कामाचा भार डोक्यावर घेण्यात एक नशा चढते. तो थकतो, चिडतो, डबा न खाता तसाच घरी परत नेतो, पण भार खाली ठेवत नाही.

“माझ्याशिवाय तिथं पान हलत नाही,” तो बायकोला, प्राजक्ताला सांगायचा. सूर तक्रारीचा असायचा आणि चेहरा खुशीचा.

“मग हलू द्या की कधीतरी,” ती म्हणायची. त्यावर तो हसून परत फोन उचलायचा.

आता खडूचं सांगतो. गोदामात चाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत लोखंडी रॅक, छतापर्यंत चढवलेले, आणि त्यांवर माल. एखादा रॅक डगमगला, वाकला, फोर्कलिफ्टचा धक्का लागला, की बघणाऱ्याने त्या ओळीच्या तोंडाशी जमिनीवर लाल खडूने मोठी फुली मारायची. फुली पुसेपर्यंत आत कुणी जायचं नाही, अशी तिथली जुनी रीत. खडू डब्यात घालून प्रत्येक ओळीच्या टोकाला टांगलेला असे. साफसफाईवाल्यालाही फुली मारायची मुभा होती.

दोन वर्षांमागे मे महिन्यात पत्र्याखाली जीव उकडून निघत होता, तेव्हा सात-आठ जणींनी मोठ्या पंख्याजवळच्या धडधाकट ओळीवर फुली मारली आणि तिथे तासभर टेकल्या. दोन ट्रक उशिरा सुटले. मुंबईच्या ऑफिसातून रवींद्रला असं काही सुनावलं गेलं की त्याने दुसऱ्या दिवशी चाळीसही डबे उतरवले. खडू स्वतःच्या खिशात ठेवला आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं, “यापुढे फुली फक्त मी मारणार. दुसऱ्या कुणी मारली तर त्याचा गेटपास बंद.”

खडूमागोमाग बाकीचंही आलं. शटरची किल्ली, सुट्टीच्या चिठ्ठ्या, हातमोजे, संडास साफ झाला की नाही याची सही, सगळं रवींद्रकडे. रोज शंभर माणसं शंभर प्रश्न घेऊन त्याच्या दाराशी उभी. आणि हा म्हणायचा, वेळच मिळत नाही. मिळणार कुठून? दरवाजे शंभर होते, ते याने स्वतःच बंद करून एक ठेवला आणि त्यात स्वतः उभा राहिला.

ठकी तिथे सात वर्षं काम करत होती. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरून पहिल्या एसटीने यायची. पन्नाशीची, काटक. अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते, आणि कुठल्या ओळीत काय आहे हे तिला कॉम्प्युटरच्या आधी ठाऊक असायचं. दिवाळीच्या आधीच्या त्या आठवड्यात मालाचा नुसता लोंढा येत होता. सकाळी झाडताना तिला दिसलं की चौदा नंबरच्या ओळीत पहिल्याच रॅकचा पाय घोट्याच्या उंचीवर आत वाकलाय.

साडेनऊला ती केबिनशी आली. “सायेब, चौदा नंबरचा पाय वाकलाय. फुली मारून जा.”

बोट वर झालं.

अकराला ती परत आली. या वेळी रवींद्रने ऐकलं. “येतो, येतो,” म्हणाला आणि विसरू नये म्हणून तळहातावर पेनाने ‘१४’ लिहिलं. मग कुणाचा तरी गेटपास अडला, कुणाचा ट्रक चुकीच्या दाराला लागला आणि तळहात घामाने पुसला गेला.

जेवणानंतर ती तिसऱ्यांदा आली. “सायेब, यकदा बघून तरी घ्या. जास्तच वाकल्यावानी दिसतोय.” रवींद्र मुंबईशी बोलत होता. बोट वर झालं.

ठकी परत गेली. खडू तिच्याकडे नव्हता, आणि असता तरी तिची फुली कुणी मानली नसती. म्हणून ती स्वतःच ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. सायेब येईपर्यंत कुणी आत जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. फोर्कलिफ्टवाला रामनाथ माल घेऊन आला, तर तिने दोन्ही हात आडवे धरले. “हितं नको आनूस. पडंल.”

“मौसी, फुली किधर है? बिना फुली के मैं कैसे रुकूँ?”

“सायबाला आन जा बोलवून. मी हाय हितं.”

रामनाथ गाडी मागे घेऊन केबिनशी गेला. रवींद्र अजून फोनवरच होता. रामनाथला पाहून त्याने बोट वर केलं. बोट वर असतानाच तो आवाज झाला.

लोखंड, खोकी आणि धूळ. बाजूला करायला अठ्ठावीस माणसं लागली आणि पाऊण तास लागला. ठकी तोंडाशीच सापडली, जिथे फुली असायला हवी होती तिथे.

पाचव्या दिवशी रवींद्र पाड्यावर गेला. दोन्ही फोन गाडीत ठेवून गेला, आयुष्यात पहिल्यांदा. ठकीचा नवरा, धाकल्या, अंगणात बसला होता, पलीकडे सून भात सुकवत होती. रवींद्रने येताना चार वाक्यं मनाशी जुळवली होती, त्यातलं एकही धड बाहेर आलं नाही. शेवटी एवढंच बोलला, “तिने मला तीनदा सांगितलं होतं. मी गेलो नाही.”

धाकल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस शिव्या देईल, अंगावर येईल, असं रवींद्रला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटत होतं.

“ती घरी तुमचंच सांगायची,” धाकल्या म्हणाला. “सायेब लय कामात रं, जेवाय पन त्याला सवड न्हाय. म्हनायची, त्या मानसाला कुनीतरी सोडवाय पायजे. यकदा भाकर पन घेतली व्हती तुमच्यासाठी बांधून.”

“मला नाही मिळाली,” रवींद्र म्हणाला.

“तुमी फोनवर व्हतात. मंग माघारी आनली तिनं.”

रवींद्र तिथेच अंगणात, खाली मातीत बसला आणि रडला. धाकल्याने त्याला उठवलं नाही की समजावलंही नाही. त्याने तरी का समजवावं?

कंपनीची चौकशी झाली तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, “रॅक वाकल्याचं आधी कुणी कळवलं होतं?” कागदावर कुठेच काही नव्हतं. ठकीला लिहिता येत नव्हतं. रवींद्र गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तो म्हणाला, “हो. तीनदा. मला.” साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हे लिहायची गरज नाही. रवींद्रने ते वेगळ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, पोलिसांनाही दिलं. त्याचं पुढे काय व्हायचं ते अजून व्हायचंय. तोवर नोकरीवर ठेवलंय, एवढंच.

कामावर परत आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते डबे टांगण्याचं. चाळीस ओळींना चाळीस खडू. फुली कुणीही मारावी. पाहणी करून ती पुसायचं काम त्याने वैशालीकडे दिलं. ती ठकीबरोबरच कामाला लागलेली, रॅकचं अंग-प्रत्यंग ओळखणारी. किल्ली रामनाथकडे गेली, चिठ्ठ्या दुसऱ्याकडे. पहिल्या आठवड्यात अकरा फुल्या पडल्या, त्यातल्या नऊ उगाचच्या. मुंबईहून फोन आला, खडू परत खिशात ठेवा म्हणून. “नाही ठेवणार, सर,” तो म्हणाला. समोरून आवाज चढला, पण प्रकरण तेवढ्यावरच थांबलं.

परवाची गोष्ट. भाविका नावाची नवी मुलगी, कामाला लागून तीन आठवडे झालेली. चौदा नंबरच्याच ओळीत नव्या रॅकच्या पायाशी तिला काहीतरी दिसलं आणि तिने घाबरत घाबरत फुली मारली. रवींद्रने ते केबिनच्या काचेतून पाहिलं. तो खुर्चीतून अर्धा उठला, पण तेवढ्यात वैशाली तिथे पोचली होती. तिने वाकून पायावर हात फिरवला, बोटाला ग्रीसचा काळा डाग लागला, तो भाविकाला दाखवला. मग पायाने फुली पुसली आणि दोघी आपापल्या कामाला गेल्या. केबिनकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रवींद्र परत खाली बसला. त्याची नजर समोरच्या घड्याळावर होती. सगळ्याला मिळून दीड मिनिट लागलं होतं, आणि त्या दीड मिनिटात त्याची कुणाला गरज पडली नव्हती.