एकच टिक

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ताईचा हात सरळ चालायचा, जीभ मात्र कात्रीसारखी. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून धाकट्या बहिणीशी तिचं वाजलं आणि बोलणंच तुटलं. "गरज असेल तर करेल फोन," म्हणत ताई मशीन चालवत राहिली.

मुलानं तिला नवा फोन सगळं लावून धाडला. ताईनं त्यातलं नेट तेवढं बंद केलं. फोन येतात, जातात. नेट कशाला फुकट घालवायचं?

एका दुपारी शेजारची सून पडदे शिवायला घेऊन आली. "ताई, झालरीचा फोटो पाठवला होता. अजून एकच टिक दिसतेय."

"म्हणजे गं काय?"

"एक टिक म्हणजे माझ्याकडून निघाला. दोन झाल्या की तुमच्या फोनवर पोचला. साधा फोन नेटशिवाय लागतो. पण हे फोटो, बोलून पाठवलेले निरोप नेटवरूनच येतात. नेट बंद असलं की वाटेतच अडकून बसतात."

सुनेनं ताईच्या फोनवरचं नेट चालू केलं. झालरीच्या फोटोबरोबर धाकटीचे निरोपही धडाधड येऊन पडले. कुठे बोट ठेवलं की ऐकू येतं, ते सुनेनं दाखवलं.

"ताई, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत. फोन केला तर तू ओरडशील, म्हणून असं बोलतेय. येशील?"

"उद्या दाखल होतेय. नुसती शेजारी बसलीस तरी पुरे."

शेवटचा अगदी लहान होता. "अजून एकच टिक. ब्लॉक केलंस वाटतं मला. असू दे."

सून हळूच म्हणाली, "नंबर अडवून ठेवला तरी एकच टिक दिसते. तुमचं नेट बंद आहे हे त्यांना कसं कळणार?"

ताईनं तिथल्या तिथे फोन लावला. ऑपरेशन होऊन धाकटी घरी आली होती. दवाखान्यात उशाशी नणंद बसली होती म्हणे. ताईनं नेटचं सगळं सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं.

"अगं, फोन तर चालूच होता ना तुझा," धाकटी म्हणाली. "मी करायला हवा होता. नाहीतर तू."



त्याच आठवड्यात ताई भेटायला गेली. धाकटीनं पाहुण्यांच्या कपात चहा दिला, तब्येतीचं विचारलं. "टाके बघू," ताई म्हणाली.

"बघण्यासारखं काही राहिलं नाही आता," धाकटी म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.