घोड्याच्या जागी

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये एकटी राहायला लागल्यापासून शनिवारी मी उगाचच गाडी घेऊन निघते. असंच एकदा गावाबाहेरच्या गॅस स्टेशनवर एक म्हातारा दिसला. त्याचा पिकअप ट्रक नवा आणि चांगलाच उंच होता. मागे जोडलेला घोडे न्यायचा ट्रेलर मात्र जुना होता, रिकामा होता, आणि ट्रकच्या उंचीमुळे त्याचं नाक वर गेलं होतं.

"जरा आत उभी राहतेस?" त्याने टोपी काढून विचारलं. "घोडी उभी राहते तिथे. डोळे मीट आणि तोल कुठे जातो ते सांग."

अनोळखी माणसाच्या ट्रेलरमध्ये चढू नये, एवढी अक्कल मला आहे. तरी चढले. आत वाळक्या गवताचा वास होता.

"मागे जातोय," मी म्हणाले.

मला खाली उतरवून त्याने ट्रेलर जॅकवर घेतला, त्याचं नाक खाली यावं म्हणून ट्रकला जोडायची नळी एक भोक वर सरकवली, पिन ठोकली आणि घोडीची मान थोपटावी तशी ती नळी थोपटली. मी पुन्हा चढले.

"आता?"

"आता सपाट वाटतंय."

"घोडी बोलत नाही ना," तो म्हणाला, "आणि घरी दुसरं कोणी नाही."

उतरताना ट्रेलरच्या कडेला चिकटवलेली लेव्हल दिसली, गवंड्यांकडे असते तशी. बुडबुडा बरोबर मधोमध होता. म्हणजे मला विचारायची त्याला गरजच नव्हती.

तो टोपी घालून निघायच्या बेतात होता.

"परत एकदा बघू या का?" मी विचारलं.

त्याने टोपी पुन्हा काढली.