तेनिंगबाईंच्या शिव्यांची चौकशी

तेनिंगबाईंना नोकरीवरून मी काढलं. मुद्दाम नाही. एका रिकाम्या चौकोनात बरोबरची खूण केली, चहा संपवला आणि घरी गेलो.

त्या चौकोनापुढे लिहिलं होतं, 'गंभीर प्रकार आढळल्यास आपोआप कारवाई करावी.' मला वाटलं, आमच्याकडे कसला आलाय गंभीर प्रकार. आमचं काम म्हणजे फ्रान्समधल्या एका फर्निचर कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं. तिकडे कुणाच्या कपाटाचं दार लागत नाही, आणि कुठला स्क्रू फिरवायचा ते इकडे मातम गावातला माणूस अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून सांगतो. अशी बारा माणसं, बारा घरांत. मी आन्सू बाज्जी, थियेस शहरात बसून त्यांचा मॅनेजर म्हणवतो. खरी मुकादम फातिकच्या तेनिंग फाय.

बाई पूर्वी पोस्टाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. एक्स्चेंज बंद झालं, नवरा गेला, पण नुसत्या 'हॅलो'वरून समोरच्याच्या घरात काय चाललंय ते ओळखायची विद्या राहिली. ही नोकरी गेली तर डाकारला मुलाकडे जाऊन सुनेच्या हाताखाली राहणं एवढाच रस्ता उरला होता, आणि हे त्या महिन्यातून एकदा तरी बोलून दाखवायच्या. सुनेला डाकारपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

रोज सकाळी आठ वाजता ग्रुपवर त्यांचा पहिला संदेश हमात वानला.

"गुलामा, उठलास, की अजून जेवणाच्या टोपात डोकं?"

हमात म्हणजे तो मातमचा कडुनिंबाखालचा. चार पोरांचा बाप, शुक्रवारची नमाज न चुकवणारा. तो उत्तर द्यायचा, "मालकाशी बोलताना चपला काढ. तुझ्या आजोबाला माझ्या आजोबानं अर्ध्या पोत्या बाजरीला घेतलं, आणि फसला."

मग सगळा ग्रुप हसत जागा व्हायचा. बाई सेरेर, हमात तुकुलर, आणि या दोन जमातींचं थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, खादाड म्हणायचं. ज्याला राग येईल तो कमअस्सल. आम्ही जोला लोकही सेरेरांचे तसेच नातेवाईक, त्यामुळे नऊ वर्षांत बाईंनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. 'भातचोर' ही त्यातल्या त्यात आदराची.

पण ती नुसती थट्टा नव्हती. एकदा हमातनं शिवीला शिवी न देता नुसतं 'हो, उठलो' एवढंच लिहिलं. अर्ध्या तासाच्या आत त्याच्या आईला हिवतापानं दवाखान्यात नेल्याचं बाईंना कळलं होतं आणि त्याचं काम तिघांत वाटूनही झालं होतं.

असं सगळं सुरळीत असताना फ्रान्सहून मोरेलसाहेबांचा निरोप आला. घरून काम करणाऱ्यांवर देखरेख करणारं एखादं सॉफ्टवेअर निवडा, चार-पाच वापरून बघा. मी जबाबदार माणूस, म्हणून प्रत्येक आधी स्वतःवर लावलं. पहिलं दर अर्ध्या तासानं स्क्रीनचा फोटो काढायचं. दिवसअखेर माझे चौदा फोटो निघाले, चौदाही कुस्त्यांच्या निकालांचे. ते मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून नाकारलं. दुसरं नकाशावर कोण कुठे आहे ते दाखवायचं; त्यानं हमातला सलग तीन दिवस भर नदीत बसवलं. मधलं एक इतकं महाग होतं की त्याचं नावही मी लक्षात ठेवलं नाही. शेवटचं मात्र मनात भरलं. ते म्हणे माणसांचे संदेश वाचून कुणी कुणाचं मन दुखवत नाही ना, एवढंच बघतं. एवढी माणुसकी असलेलं यंत्र सोडायचं कसं? घेतलं, आणि तो चौकोन भरला.

अकराव्या दिवशी सकाळी बाईंचं खातं बंद झालं होतं. सोबत रिपोर्ट. 'गुलाम' हा शब्द चव्वेचाळीस वेळा. विकून टाकण्याची धमकी नऊ वेळा. खाण्यावरून अपमान, असंख्य. पीडित व्यक्ती : हमात वान. त्याची उलट उत्तरं 'स्वसंरक्षण' या सदरात. मी रिपोर्ट तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा त्यातला एकही आकडा खोटा निघेना.

तोच रिपोर्ट मोरेलसाहेबांना गेला होता. व्हिडिओवर त्यांचा चेहरा घरात प्रेत पाहिल्यासारखा होता. हे तुमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नऊ वर्षं." खरं बोलायची ती वेळ नव्हती, हे बोलून झाल्यावर सुचलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गुरुवारी चौकशी लावली.

मी बाईंना फोन केला. जन्मभर पुरतील एवढ्या शिव्या खायची तयारी करून बसलो होतो.

"नमस्कार, बाज्जीसाहेब," बाई म्हणाल्या. "आपली प्रकृती बरी आहे ना?"

नऊ वर्षांच्या भातचोराला 'आपली प्रकृती'. यापेक्षा त्यांनी दारात कोयता घेऊन उभं राहायला हवं होतं.

तिकडे हमातला सॉफ्टवेअरनं मऊ भाषेत पत्र धाडलं होतं. तुम्ही एकटे नाही, असं त्यात होतं, आणि मनाच्या डॉक्टरांचा फोन नंबर. चार दिवस त्याला कुणी शिवी दिली नव्हती. त्याची आई विचारत होती, फातिकला बाईंच्या घरी कुणी वारलं का?

गुरुवारी हमात शुक्रवारचा झगा घालून स्क्रीनवर आला. मोरेलसाहेब आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले की घाबरू नका, मनात असेल ते बोला.

"एकच तक्रार आहे," हमात म्हणाला. "ही बाई माझी गुलाम. तिला काढायचं तर आधी मालकाला विचारायला नको?"

दुसऱ्या चौकटीत बाईंनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. साहेबांना वाटलं, रडतायत. त्यांना पाणी द्या म्हणाले. मी घाईघाईनं नातं समजावू लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं की तुम्ही स्वतः यांच्याशी कसे बोलता. मी गेल्या महिन्यातला माझा एक संदेश वाचून दाखवला. मॅनेजरांना मी तपासणीतून वगळलं होतं, म्हणून तो कुठे नोंदला गेला नव्हता. साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, जणू चौकशी चुकीच्या माणसाची लावली होती.

शेवटी त्यांनी विचारलं, "नऊ वर्षांत कुणी तक्रार केली?"

"आत्ता करतोय ना," हमात म्हणाला. "चार दिवस मी जिवंत आहे की नाही, कुणी विचारलं नाही."

त्या चार दिवसांत तीनशे कपाटं, खाटा नि खुर्च्या उत्तरावाचून पडल्या होत्या. काओलाकच्या एका मुलीचं बाळ आजारी, ती दवाखान्यात, आणि यंत्रात तिच्या नावापुढे हिरवा दिवा, म्हणजे सगळं ठीक. मोरेलसाहेबांनी तो हिरवा दिवा बराच वेळ पाहिला. मग सोमवारपासून बाई कामावर आणि यंत्र बाहेर, असं ठरलं. नंतर मला एकट्याला त्यांनी हळूच विचारलं की दिलगिरी म्हणून आपणही बाईंना असं काही म्हणावं का. मी म्हटलं, तुमचं नातं नाही, तुम्ही नमस्कारच म्हणा.

सोमवारी आठला ग्रुप वाजला. "गुलामा, फुकटचं खाऊन वजन किती वाढलं?" मी खूश. मग माझ्यासाठी वेगळा संदेश. "नमस्कार, बाज्जीसाहेब." मंगळवारीही तेच.

बुधवारी मी गाडी पकडून फातिकला गेलो. बाईंनी भात-मासळीची परात मध्ये ठेवली, मोठी तुकडी माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "घ्यावं, साहेब."

मी हातातला घास परत परातीत ठेवला.

"बाई, वाटेल ते बोला, पण साहेब नको. माफ केलं म्हणा एकदा."

बाईंनी हातातला भाताचा गोळा नीट वळला, तोंडात टाकला, सावकाश चावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गुलामाला कोण माफ करतं रे भातचोरा, गप गिळ."