शांताबाईंची माफी

डब्यातलं खोबरं खवट निघालं आणि अठ्ठ्याहत्तर सालचा नाताळ आठवला. आमच्या चर्चमधल्या शांताबाईंनी सगळ्या बायांसमोर आईच्या ताज्या करंज्या खवट म्हणून बाजूला सारल्या होत्या. तरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी आई मला घेऊन पायी नालवाडीला त्यांच्या घरी गेली.

"माह्यं काही चुकलं असन त माफ करजो, शांताबाई."

"केलं माफ," त्या दारातूनच म्हणाल्या.

परतताना मी धुमसत विचारलं, "चूक तिची, माफी तू काऊन मागतली?"

"ते आली नसती. अन् मनात अढी ठेवून उद्या चर्चात प्रभुभोजनाची भाकर घेता येते का तिले?"

तेव्हा मला आईचाच राग आला. आजही येतो. उद्या प्रभुभोजन आहे, जाऊबाई महिनाभर बोलत नाहीत, चूक त्यांचीच आहे, आणि मी चपला शोधतेय.