दूध उंबऱ्याबाहेर

गिऱ्हाइकं त्यांना लोणीवाल्या वहिनी म्हणत. गंमत अशी, की त्यांच्या घरात लोण्याचा कण शोधून सापडला नसता. लोणी नाही, दूध नाही, साय नाही, दुधाची पावडर घातलेलं साधं बिस्किटही नाही. वहिनी केकवर लावायचं फ्रॉस्टिंग करत, तेही बिनदुधाचं, आणि घरी केक करून विकणाऱ्या बायकांना डबे भरून देत. पहिल्याच डब्यातलं बोटभर चाटून एक जण म्हणाली, "वहिनी, उगाच थापा मारू नका. लोणी आहे यात." तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच.

लग्नाआधी त्या रंगाच्या दुकानात कामाला होत्या. डब्यात रंग कालवायचे, झाकण ठोकायचं, डबा यंत्रावर चढवायचा. पांढऱ्यात दुसऱ्या रंगाचा एक थेंब पडला की मग वरून कितीही पांढरा ओता, तो पहिल्यासारखा होत नाही, हे त्यांना तिथेच कळलं. पुढच्या धंद्याला ते ज्ञान पुरेसं होतं. बाकी सगळी मेहनत.

मेहनत किती, ते बघणाऱ्याला कळत नाही. मार्जरीन आधी एकटंच फेटायचं, त्याचा पिवळेपणा जाईपर्यंत. इथे घाई केली की नंतर काहीही घाला, खाणाऱ्याच्या टाळूला तेलकट थर बसतो. पिठीसाखर चाळायची, चाळलेली पुन्हा चाळायची. एक गुठळी राहिली तरी फुलं काढायच्या नळीचं तोंड बुजतं आणि केकवाली शिव्या घालते. सोयाचं दूध घालायचं ते चमच्याचमच्याने. शेवटी फेटायचं यंत्र अगदी हळू फिरवायचं, म्हणजे आतली हवा निघते. ती राहिली तर केकच्या अंगावर फोड आल्यासारखे दिसतात. उन्हाळ्यात सगळंच दगा देतं. गुलाब काढावा आणि दारात पोचेपर्यंत त्याची कोबी व्हावी, असे दिवस वहिनींनी काढले होते.

घरात नवरा, तो बहुतेक वेळ कारखान्यात पाळीवर. आणि सासरे. सासऱ्यांनी उभा जन्म भिंतींना गिलावा केला. हात थकले, काम सुटलं, पण नजर सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघत, मग माणसांकडे. त्यांचं एकच व्यसन, दुधाचा चहा. वहिनींनी धंदा सुरू केला त्या दिवशी सांगून टाकलं, "बाबा, यापुढे घरात काळा चहा."

"काळा चहा? मी काय आजारी आहे?"

"मग दुधाचा खाली जाऊन प्या. आल्यावर हात धुवा, चूळ भरा, मगच स्वयंपाकघरात या."

"स्वतःच्या घरात शिरायला परवानगी लागते, असा मी एकटाच माणूस असेन," म्हणत ते गेले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांची खुर्ची ठरून गेली. हॉटेलातले चमचे वाकडे म्हणून स्वतःचा सरळ चमचा खिशात ठेवू लागले. परत आले की सुनेला ऐकू जाईल अशा बेताने मोठमोठ्याने चुळा भरत आणि साखर चाळायला बसत. अंग चोरणं त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनी माहेरी फोनवर सांगत, "आमच्या बाबांसारखी साखर यंत्रसुद्धा चाळणार नाही." हे ते पलीकडच्या खोलीतून ऐकत आणि ऐकलं नाही असं दाखवत.

एक दिवस सायकलवालीची ऑर्डर आली. ही सायकलवर केक पोचवायची, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने खोकं धरून, म्हणून तिचं हे नाव. ऑर्डर एका लहान मुलीच्या वाढदिवसाची होती. दूध नखभर पोटात गेलं तरी तिचे ओठ सुजत, श्वास कोंडे. आजवर प्रत्येकाच्या वाढदिवसाला ती घरून आणलेला डबा घेऊन कोपऱ्यात बसलेली. पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तिचा स्वतःचा केक येणार होता.

"आईला विचारते म्हणे, सुरी मीच चालवायची ना?" सायकलवाली फोनवर हसत होती. "वहिनी, तुमच्या भरवशावर हो म्हटलंय हं."

वहिनींनी त्या सकाळी यंत्र उकळत्या पाण्याने धुतलं. दोन डबे भरले, एक सायकलवालीचा, एक दुसऱ्या केकवालीचा. सायकलवाली खालून ओरडली, "वहिनी, या लवकर! सायकलचं कुलूप बिघडलंय, सोडून वर येता येत नाही!" वहिनी कापडी पिशवी शोधायला आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तर झाकणं लागलेली. बरं झालं, म्हणून त्या एक डबा घेऊन धावत खाली उतरल्या.

वर येऊन त्यांनी दुसऱ्या डब्याचं झाकण काढलं. फ्रॉस्टिंगवर कागद दाबून ठेवला नाही तर वर कडक पापुद्रा धरतो. कागद हातातच राहिला. डब्यातलं फ्रॉस्टिंग आरशासारखं सपाट होतं. वहिनी कधी वरून सारखं करत नसत, उलथन्याच्या खुणा तशाच सोडत.

"बाबा, हे कुणी केलं?"

"मीच. दोन्ही डब्यांत डोंगरदऱ्या तशाच ठेवून गेलीस. बघवेना."

"कशानं केलं?"

सासऱ्यांनी अभिमानाने खिशातला चमचा काढला. दांड्यापाशी चहाचा तपकिरी डाग वाळलेला होता.

वहिनींनी विचारलं, "धुतला होता?"

"पुसला होता की. रुमालाने." मग त्यांनी सुनेचं तोंड पाहिलं आणि चमचा हळूच टेबलावर ठेवला. "सूनबाई, त्याला असून असून किती दूध असणार?"

"त्या मुलीला तेवढं पुरतं, बाबा."

वहिनींनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सायकलवालीचे हात पिठात असणार. वहिनी क्षणभर खुर्चीत टेकल्या. कदाचित काहीच होणार नाही, हा विचार मनात आला, आला तसा त्यांनी तो हाकलला. सायकलवालीची जीभ कात्रीसारखी. आज सांगितलं की उद्या सगळ्या केकवाल्यांना कळणार, आणि बिनदुधाचं म्हणून ज्या नावावर धंदा उभा होता त्याला चूड लागणार. त्यांनी मार्जरीनचं न फोडलेलं पाकीट, नवी साखर आणि धुतलेली चाळणी पिशवीत भरली.

"मी येतो," सासरे चपला घालत म्हणाले.

"लांब आहे, बाबा."

"माझा गिलावा सुटला तर खरवडायला मी स्वतः जायचो. दुसऱ्याला पाठवत नव्हतो."

सायकलवालीने दार उघडलं तेव्हा केकला फ्रॉस्टिंगचा पहिला हात लावून झाला होता. दोन मजली पांढराशुभ्र केक. वहिनींनी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, पदर सावरायलाही थांबल्या नाहीत.

"दुधाचा चमचा? तुमच्या घरात?" सायकलवालीचा आवाज चढला. "वहिनी, तुमच्या नावावर मी तिच्या आईला शब्द दिलाय! मुलीला काही झालं असतं तर तोंड कुठे दाखवलं असतं मी?"

"म्हणून तर आले."

"आणि हे कोण?"

"चमचा माझा," सासरे म्हणाले. "बोल, मला बोल."

"तुमच्या वयाच्या माणसाला काय बोलणार, आजोबा?"

"वयाला सोड. कामाला बोल."

सायकलवालीचा रागच अडखळला. ती केकभोवती फिरली. "वरवरचं खरवडून काढलं तर?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आत केकमध्ये मुरलंय. हा केक गेला."

सायकलवालीने एकदा केककडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग बाह्या वर केल्या. "संध्याकाळी न्यायला येणार आहेत ते. उभ्या काय राहिलात? मोरी तिकडे आहे."

सासऱ्यांनी मोरी धरली. भांडी, सुऱ्या, केक फिरवायची चकती, सगळं घासून पुन्हा घासलं. सायकलवालीने नवं पीठ कालवून भट्टी पेटवली. वहिनी मार्जरीन फेटत होत्या, पिवळेपणा जाईपर्यंत, आजही तेवढंच. केक भट्टीतून निघाला आणि मग तिघांनाही हात बांधून बसावं लागलं. गरम केकवर फ्रॉस्टिंग ठरत नाही. तिथे कष्टाचा उपयोग नसतो, धीर लागतो. सासरे पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. दंड दुखला की हात बदलत, थांबत नव्हते.

घाईत केकच्या एका बाजूला लाट राहिली. सासऱ्यांना ती दिसली, हे वहिनींना दिसलं. सायकलवालीने सपाट पट्टी त्यांच्यापुढे केली. "धुतलेली आहे, आजोबा. लावा हात."

"नको," ते मागे सरले. "आज माझा हात नको त्याला."

लाट तशीच राहिली.

आई मुलीला घेऊन आली. मुलगी खोक्याच्या झाकणाखालून वाकून बघू लागली. सायकलवालीने वहिनींकडे पाहिलं. वहिनी पुढे झाल्या. "ताई, पहिला केक आमच्या हातून बिघडला. दुधाचा चमचा लागला होता. तो टाकला. हा नवा, याच्यापाशी आम्ही तिघं बसून होतो. तरी मनात शंका असेल तर नेऊ नका, आमचा राग नाही."

आईने मुलीला जवळ ओढलं. "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली. मग तिने खोकं उचललं.

घरी आल्यावर वहिनींना काही सुचेना. ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. नवरा कामावरून आला. त्याला काय माहीत, तो टेबलावरच्या डब्यातलं ते सपाट फ्रॉस्टिंग पावाला लावून खात बसला आणि म्हणाला, "आज फारच छान झालंय." सासरे भिंतीला टेकून फोनकडे बघत होते.

फोन वाजला.

"खाल्ला!" सायकलवाली ओरडत होती. "बराच वेळ झाला, ठणठणीत आहे. तिसरा तुकडा मागतेय, आई म्हणते आता पोट बिघडेल गोडाने. आणि वहिनी, मी बाकीच्या केकवाल्यांना सगळं सांगितलंय, लपवणार नाही. एक जण म्हणाली, आता तुमच्याकडून घेणार नाही. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मला पुढच्या आठवड्यात चॉकलेटचा मोठा डबा हवा. पण झाकण तुम्हीच लावा."

वहिनींनी फोन ठेवला. "खाल्ला म्हणे. तिसरा तुकडा मागतेय."

सासरे उठून बाहेर गेले, जिन्यात उभे राहिले. आत आले ते डोळे पुसत. विचारलं, "चॉकलेटच्या पुडीत गुठळ्या फार असतात का गं?"

"फार."

"मग ती आधी वेगळी चाळावी लागेल," ते म्हणाले.