वहीतलं अंडं

काल कांदेनवमी झाली. घरात मी एकटीच, तरी दोन मोठे कांदे चिरले, कढई ठेवली... आणि तेल तापेपर्यंत शाळेतली जुनी वही काढून बसले.

त्या वहीत एक अंडं आहे, रंगीत पेन्सिलीनं काढलेलं. त्या अंड्यापायी माझी शाळा कायमची सुटायची वेळ आली होती.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचं घर कळंबजवळ, भातशेतीचं. मी मात्र आठवीत, कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर. दर बुधवारी सिस्टर आम्हाला कुकिंग शिकवायच्या, आणि त्या आठवड्यात शिकवल्या होत्या ओनियन रिंग्ज. कांद्याच्या गोल चकत्या, मैदा, दूध, अंडं... आणि वहीत प्रत्येक जिन्नसाचं चित्र.

नवमीला घरी आले तर आत्या आलेली. माझ्या वडिलांची थोरली बहीण, साजगावला दिलेली. त्यांची आई लवकर गेल्यावर वडिलांना तिनंच वाढवलं होतं, त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. गळ्यात माळ, अंडं-मासळी वर्ज्य. आमच्या अंगणात कोंबड्या, म्हणून ती स्वतःचं ताट आणि तांब्या घेऊन यायची. चातुर्मासात चार महिने कांदा बंद, म्हणून त्याआधीच्या या नवमीला माहेरी येऊन मनसोक्त खायची.

मी म्हटलं, आज कांदा मी करणार. मैदा, दूध, अंडं, सगळं वगळलं. डाळीचं पीठ, मीठ, तिखट, पाणी, बस्स. पीठ भिजवलं आणि आत्याला पाणी द्यायला बाहेर गेले.

परत आले तर आई चुलीपाशी हात पुसत होती. तिच्या पदराला काहीतरी पांढरं लागलं होतं. "तेल तापलंय, सोड लवकर," एवढंच म्हणाली.

रिंग्ज अशा झाल्या म्हणून सांगू... कुरकुरीत, सोनेरी, ताटात टाकल्या की वाजायच्या. आत्यानं नऊ खाल्ल्या. मी मोजल्या होत्या! आणि मग कौतुकानं मीच तिला वही दाखवली.

आत्याला इंग्रजी येत नव्हतं. पण चित्र कुणालाही वाचता येतं. कांदा, वाटी... आणि बोट थांबलं.

"ह्ये काय गं?"

"ते... ते मी घातलं नाही, आत्या."

"म्हंजे यात घालतात! तरीच म्हटलं, आपली भजी अशी वाजत नाय." तिचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि ती वडिलांकडे वळली. "गजा, पोरीला काढ त्या शाळंतनं. आज माझं त्वांड बाटवलं, उद्या काय करंल?"

वडील मान खाली घालून उभे. आक्काला उलटून बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. शेवटी कसंबसं म्हणाले, "आक्का, तुज्यासमोर परत करू दे तिला. मग ठरव."

आत्या पाट घेऊन चुलीसमोर बसली. आईला म्हणाली, "तू भायेर ऱ्हा." पिठाचा डबा स्वतः उघडला, नाकाशी धरला. पाणीसुद्धा तिच्याच तांब्यातलं. माझ्या बोटांवरून तिची नजर हलत नव्हती.

पहिला घाणा झाऱ्यावर आला. रिंग्ज मऊ, तेलकट, लोंबत होत्या.

"मगाशी कुडकुडीत, आन् आता गोधडीवानी? कसं गं?"

तेच पीठ, तीच कढई. मलाही कळेना. मग एकदम आईचा पदर आठवला. ते पांढरं... आणि अंगणातल्या कोंबड्या. आईनं तर नाही ना काही घातलं? खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी माझ्या आईवर संशय घेतला. बोलले तर शाळा वाचेल आणि आई सापडेल. मी गप्प राहिले.

दारातून आई म्हणाली, "मी घातलं मगाशी."

वडिलांनी डोळे मिटून घेतले. आत्या ताडकन उठली. "काय घातलंस?"

"तांदळाची पिठी. एक मूठ."

आत्या हसली, पण वाईट. "पोरीला वाचवायला सांगतेस."

आई आत आली. पिठीचा डबा आत्यापुढे धरला. आत्यानं त्याचाही वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली. मग आईनं मूठभर पिठी माझ्या भांड्यात टाकली आणि मला म्हणाली, "सोड."

दुसरा घाणा ताटात पडला. वाजला.

आत्यानं ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "तवाच का नाय बोललीस गं?"

"पोरीनं पयल्यांदाच केलं व्हतं, आक्का. फसलं असतं. तिला वाटलं आपलंच झालं... वाटू दे म्हटलं."

आत्यानं एक रिंग उचलली, उलटसुलट पाहिली आणि तोंडात टाकली. चावून झाल्यावर मला म्हणाली, "शाळंत ह्ये नाय शिकवत व्हय? वही आण. त्या अंड्यावर काट मार, आन् पिठी लिव."

मी काट मारली. पण मूठभर पिठीचं चित्र कसं काढायचं? शेवटी आईचा हात कागदावर ठेवायला लावला, बोटं मिटून, आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली.

पुढच्या बुधवारी सिस्टरनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, माय मदर्स हँड, सिस्टर. त्या म्हणाल्या, हे काही माप नव्हे. मी मान हलवली, पण खोडलं नाही.

काल तेल तापल्यावर वहीतल्या त्या मुठीवर पिठीनं भरलेली माझी मूठ ठेवून पाहिली. तिची लहान आहे. मग हातातली थोडी पिठी परत डब्यात टाकली... आणि तेवढीच घातली.